एक रुपयाचा खेळ

मुलांनो, तुम्ही परभणीचा उरूस पाहिला आहे ना? दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. सर्व धर्मांचे लोक तेथे येतात. लहानपणी आम्ही उरसातल्या आकाशपाळण्याची वाट पाहत असू. पण उरूस वर्षातून एकदाच! बाकीचे दिवस आमचे मन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात गुंतलेले असे. ते होते व्हिडिओ गेमचे दुकान.

ही गोष्ट २००० सालच्या सुमाराची. मी तेव्हा पाचवीत होतो. दुकानात माणसाएवढ्या उंचीची लाकडी पेटी असे. तिला काचेचा पडदा, एक हँडल आणि काही बटणे असत. एक रुपया टाकला की खेळ सुरू होई.

आमचा आवडता खेळ होता 'मुस्तफा'. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. एवढे लांबलचक नाव कोण घेणार? त्यात पिवळी टोपी घातलेला मुस्तफा नावाचा एक चपळ वीर होता. मग खेळालाच सगळे 'मुस्तफा' म्हणू लागले. भारतातल्या कितीतरी गावांत तो याच नावाने ओळखला जाई.

माझा रुपया दोन-तीन मिनिटांत संपे. एक मोठा मुलगा मात्र तेवढ्याच रुपयात खूप पुढे जाई. मला वाटे, याचे नशीब चांगले आहे. एके दिवशी मी त्याला विचारलेच. तो हसून म्हणाला, "अरे, तू बटणांकडे बघतोस. समोरच्याकडे बघ. तो मारण्याआधी काय करतो ते बघ." त्या दिवसापासून मी खेळण्यापेक्षा बघण्यातच जास्त वेळ घालवू लागलो. पाहण्याला पैसे लागत नव्हते!

मागच्या ईदला माझा भाचा एक छोटी पेटी घेऊन आला. हुबेहूब त्या जुन्या पेटीसारखी. पण वीतभर उंचीची. तिच्यात जुने अनेक खेळ भरलेले होते. 'मुस्तफा'ही होता. मात्र तिच्यात रुपया टाकायची जागा नव्हती. एक बटण दाबले की रुपया टाकल्यासारखे होई. भाचा हरला की बटण दाबी, पुन्हा हरला की पुन्हा दाबी. असे करत त्याने आठही टप्पे संपवले.

मी विचारले, "कसा होता खेळ?"

तो म्हणाला, "काही मजा नाही आली, मामू."

मग आम्ही एक नियम केला. मी, भाचा आणि भाची, प्रत्येकाने समोर एक खरा रुपया ठेवायचा. खेळ संपला की रुपया वाटीत टाकायचा आणि आपण का हरलो, हे एका वाक्यात सांगायचे. त्यानंतरच दुसऱ्याची पाळी.

पहिला खेळ १९७८ सालचा 'स्पेस इन्व्हेडर्स'. तो जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केला. त्यात ५५ शत्रू रांगांनी खाली सरकतात. दोनदा हरल्यावर भाचा ओरडला, "मामू, थोडे उरले की ते पळू लागतात!" अगदी खरे. त्या काळचा संगणक संथ होता. पडद्यावर चित्रे जास्त असली की तो हळू चाले. चित्रे कमी झाली की वेग वाढे. त्यामुळे खेळ रंगतो हे पाहून निशिकादोंनी ते तसेच ठेवले.

दुसरा खेळ १९८० सालचा 'पॅक-मॅन'. तो तोरू इवातानी यांनी तयार केला. त्यात चार भुते आपल्या मागे लागतात. भाचीने वही घेतली आणि प्रत्येक भुताची चाल लिहिली. लाल भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत आपल्या पुढची जागा गाठू पाहते. नारिंगी भूत जवळ येते आणि वळून दूर जाते. निळ्याची चाल मात्र तिला कळेना. कळणार कशी? ती आपल्या आणि लाल भुताच्या, दोघांच्याही जागेवर अवलंबून असते!

या खेळाची आणखी एक गंमत आहे. टप्प्यांची मोजणी ठेवायला त्यात आठ घरे होती. प्रत्येक घरात फक्त ० किंवा १ मावतो. अशा आठ घरांत ० ते २५५ एवढेच आकडे बसतात. म्हणून २५६ व्या टप्प्याला हिशेब चुकतो आणि अर्धा पडदा वेड्यावाकड्या अक्षरांनी भरून जातो. मोठमोठे खेळाडूही तो टप्पा पार करू शकत नाहीत. खेळ करणारा माणूसही चुकतो, बरे का!

शेवटी 'मुस्तफा'ची पाळी आली. आता भाचा घाई करीत नव्हता. तो समोरच्याकडे बघत होता. एका रुपयात तो जेमतेम दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचला. पण त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. रुपया वाटीत टाकत तो म्हणाला, "मी हरलो, कारण मागून येणारा मला दिसला नाही."

मित्रांनो, तुमचे गणित चुकले तर लगेच पान उलटू नका. आधी एका वाक्यात सांगा: ते का चुकले?

शब्दार्थ
वीत – पसरलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
हुबेहूब – अगदी तसाच
चपळ – चटकन हालचाल करणारा
जेमतेम – कसाबसा
संथ – हळू चालणारा

स्वाध्याय
१. मुले त्या खेळाला 'मुस्तफा' का म्हणत?
२. मोठ्या मुलाने लेखकाला कोणता सल्ला दिला?
३. आठही टप्पे संपवूनही भाच्याला मजा का आली नाही?
४. 'पाहण्याला पैसे लागत नव्हते' या वाक्याचा अर्थ सांगा.
५. तुम्ही एखाद्या खेळात का हरलात, ते पाच ओळींत लिहा.