चमच्या चोचीचं पाखरू

बांगलादेशात कॉक्स बाजार नावाचं शहर आहे. त्याच्याजवळ समुद्रात सोनादिया हे बेट आहे. हिवाळ्यात आपण तिथे गेलो आहोत, असं समजू या. ओहोटी लागली आहे. चिखलावर शेकडो लहान पाखरं चरत आहेत. त्यांतून आपल्याला एकच हुडकायचं आहे. त्याचं नाव चमच्या चोचीचा तुतवार. जगात अशी मोठी झालेली पाखरं पाचशेसुद्धा उरली नाहीत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

ते ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नये. हिवाळ्यात ते वरून करडं, पोटाशी पांढरं असतं. आपल्या किनाऱ्यावर येणारा टिलवाही तसाच. अंगानं दोन्ही चिमणीएवढे. तेव्हा चोच पाहावी. ती टोकाला चपटी, पसरट, चमच्यासारखी असते. पण बाजूनं पाहिलं तर साधी काळी चोचच दिसते! म्हणून घाई करू नये. पाखरू आपल्याकडे तोंड करील तोवर थांबावं. भरतीच्या वेळी पाखरं वाळूवर दाटीनं बसतात आणि चोच पिसांत खुपसतात. मग काय ओळखणार?

चरण्याची तऱ्हाही पाहावी. हे पाखरू उथळ पाण्यात चोच घालून ती डावी-उजवीकडे हलवतं.

पाहायचं ते दुरून, दुर्बिणीतून. जवळ गेलं की थवा उडतो आणि चरणं मोडतं. ही पाखरं रशियाच्या ईशान्य टोकाहून, चुकोत्का प्रांतातून येतात. वाट सुमारे ८,००० किलोमीटरची. तिकडे ती उन्हाळ्यात अंडी घालतात. पिल्लं सांभाळायचं काम बहुतेक बापाकडे असतं. आई आधीच निघून जाते. पिल्लाची चोच जन्मापासूनच चमच्यासारखी असते, याची आम्हांला मोठी गंमत वाटते.

मग ही पाखरं कमी का झाली? वाटेत चीन आणि कोरियाच्या किनाऱ्यांवर ती विसाव्याला उतरतात. तिथल्या चिखलाच्या जागा भराव घालून बुजवल्या गेल्या. दुसरं कारण जाळी. सोनादियावर गरीब माणसं मोठ्या पक्ष्यांसाठी जाळी लावत. त्यांत हेही सापडे. त्याच्या अंगावर मांस ते किती! २०१० नंतरच्या वर्षांत पक्षी राखणाऱ्यांनी या शिकाऱ्यांना मासेमारी, शिवणकाम अशा धंद्यांसाठी मदत दिली. शिकाऱ्यांनी पाखरं धरणं सोडलं. नुसतं ‘मारू नका’ म्हटलं असतं, तर चूल कशी पेटली असती?

आता पाय पाहा. काही पाखरांच्या पायात पांढरी किंवा पोपटी पट्टी असते. ती चुकोत्कात घातलेली. तिच्यावर दोन खुणा असतात, अक्षर किंवा आकडा. दिसली तर रंग, खुणा, दिवस आणि जागा तिथल्या तिथे वहीत लिहावी. घरी जाऊन लिहू म्हटलं की विसरतं. त्या दोन खुणांवरून कळतं, की या पाखराला कुठे आणि कोणत्या साली पट्टी घातली, आणि ते अजून जिवंत आहे.