प्रवाशाची नोंदवही : उत्सव, अन्न आणि वेशीबाहेरची माणसे

इतिहासाच्या अध्यापनात शिलालेख, नाणी व ताम्रपट यांच्या बरोबरीने प्रवासवर्णन हेही एक साधन म्हणून आम्ही शिकवतो. स्थानिक माणसाला जे नित्याचे वाटते ते तो सहसा लिहून ठेवत नाही. परका प्रवासी मात्र ते कुतूहलाने टिपतो. प्राचीन भारतातील उत्सव व आहार यांविषयी बरीच माहिती चिनी भिक्खूंच्या लेखनातून मिळते, ती यामुळेच.

भिक्खू फाहियान विनयपिटकाच्या प्रतींच्या शोधार्थ इ. स. 399 मध्ये चांगआनहून निघाले. पाटलिपुत्र येथे तीन वर्षे राहून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. तेथील रथोत्सवाचे त्यांचे वर्णन चित्रमय आहे. चार चाकांच्या गाड्यावर बांबूंचा पाच मजली डोलारा उभारीत, त्यावर शुभ्र वस्त्र गुंडाळीत व देवतांच्या आकृती रंगवीत. चारही बाजूंच्या कोनाड्यांत तथागतांच्या मूर्ती असत. असे सुमारे वीस रथ निघत. रात्रभर दीप तेवत, वाद्ये वाजत. याच नगरात वैश्य कुटुंबांनी चालविलेल्या धर्मार्थ रुग्णालयांत निर्धन, अनाथ व अपंग यांना अन्न आणि औषध विनामूल्य मिळे, हेही ते आवर्जून सांगतात.

आहाराविषयी ते लिहितात की मध्यदेशातील लोक प्राणिहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. अपवाद फक्त चांडाळांचा. हे चांडाळ वस्तीबाहेर राहतात आणि नगरात वा बाजारात शिरताना लाकडावर आघात करून आपली चाहूल देतात, म्हणजे इतरांना दूर सरता येते. ज्या प्रवाशाने रथ पाहिले, त्यानेच हा आवाजही नोंदवला आहे.

सुमारे सव्वादोनशे वर्षांनी युआन श्वांग (ह्युएन त्संग) आले. त्यांच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रानुसार नालंदा येथे सन्मान्य अतिथी म्हणून त्यांना रोज 20 सुपाऱ्या, 20 जायफळे, कापूर आणि महाशाली नावाचा टपोऱ्या दाण्यांचा सुगंधी तांदूळ मिळत असे. हे अन्न येई कोठून? शंभर गावांचे उत्पन्न महाविहाराला लावून दिलेले होते आणि तेथील दोनशे कुटुंबे तांदूळ, दूध व लोणी पुरवीत. निवासी शाळेत शिकलेल्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र युआन श्वांग हेही लिहितात की कसाई, कोळी, नट, फाशी देणारे व मैला उचलणारे यांची घरे खुणेने ओळखू येतात, ती नगराबाहेर असतात आणि ही माणसे रस्त्याच्या डाव्या कडेने अंग चोरून चालतात.

बाबासाहेबांनी 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात या दोन्ही नोंदी तपासल्या. फाहियानांची नोंद त्यांनी अस्पृश्यतेचा निर्णायक पुरावा म्हणून स्वीकारली नाही. अशुद्ध मानणे आणि अस्पृश्य मानणे यांत त्यांनी भेद केला. इतर साधने ताडून पाहिल्यावर इ. स. 200 मध्ये अस्पृश्यता नव्हती, 600 पर्यंत ती आलेली होती, म्हणजे तिचा उगम सुमारे 400 च्या आसपासचा, असे अनुमान त्यांनी मांडले. जी प्रथा इतिहासात जन्मली ती अनादी नाही. म्हणून ती मोडताही येते. प्रवाशाच्या चार ओळींचे मोल एवढे मोठे असू शकते.

आपले माजी विद्यार्थी आज राजगीर, नालंदा, बोधगया पाहून येतात. अनेक कुटुंबे दरवर्षी दीक्षाभूमीला जातात. छायाचित्रे पुष्कळ निघतात, नोंदी थोड्या होतात. पालकांनी प्रवासात मुलांच्या हाती वही द्यावी आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत :

1. येथे जे अन्न आपण खाल्ले ते कोणी पिकवले, कोणी रांधले?
2. उत्सवात पुढे कोण होते आणि कडेला कोण उभे होते?
3. गर्दी ओसरल्यावर ही जागा कोणी झाडली?

तिसरा प्रश्न आपल्या स्वतःच्या मेळाव्यांनाही विचारावा, अशी आमची विनंती आहे.