पट्ट्यावर चालणारा लहान रोबो
सोलापूरकडील काळ्या रानात पाऊस पडला म्हणजे चाक रुतते, हे वाचकांस सांगावयास नकोच. पट्ट्याने भार अधिक जागेवर पसरतो. म्हणूनच बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली कॅलिफोर्नियातील मऊ जमिनीसाठी वाफेच्या ट्रॅक्टरास पट्टे लावून पाहिले. छंदाकरिता मिळणाऱ्या सुट्या भागांच्या संचात तत्त्व तेच. प्रत्येक पट्ट्यास स्वतंत्र मोटर असावी; एक थांबविली की रोबो त्याच बाजूस वळतो. मोटर नियंत्रक पाटीस थेट जोडू नये, पाटी जळते. मध्ये मोटर ड्रायव्हर घालावा.

पट्टा फार ताणल्यास बॅटरी लवकर उतरते, सैल राहिल्यास तो वळताना निसटतो. रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत अंतर ४५ सेंटिमीटर. आमच्या मते रुंदी २५ पुरे. चिकण चिखल दात्यांत भरतो, सबब पहिली परीक्षा वाफसा आल्यावरच घ्यावी.