बायपासवर उतरवलेले प्रवासी

निवृत्तीनंतर जो तो सांगतो, आता फिरा. फिरायला आमची ना नाही. पण पुण्याहून जळगावला येताना एका ट्रॅव्हल्सवाल्याने आम्हा नवरा-बायकोला मे महिन्याच्या भर उन्हात धुळ्याच्या बायपासवर उतरवून दिलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिकीट काढताना एजंटला दोनदा विचारलं होतं, गाडी बदलावी लागेल का? "नाही काका, बसायचं ते जळगावलाच उतरायचं." पावतीवरही जळगावच लिहिलंय. पहाटे अंधारात घाईघाईने गाडीत चढवलं. लळिंगचा किल्ला दिसला तेव्हा मी हिला म्हटलंही, आता दोन तासांत घरी.

बायपासला गाडी थांबली. क्लीनर पोरगा आधीच डिकीतून आमच्या बॅगा काढत होता. "काका, मागनं दुसरी गाडी येतेय, पाचच मिनिटं." आम्ही खाली उतरलो आणि आमची गाडी सरळ शिरपूरच्या रस्त्याला लागली. जळगावला जायचं तर पारोळ्याकडे वळायला हवं! मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत होतं: पुणे-इंदूर. म्हणजे ही गाडी जळगावला जाणारच नव्हती. एजंटला ते पहिल्यापासून माहीत होतं, क्लीनरला होतं, ड्रायव्हरला होतं. माहीत नव्हतं ते फक्त पैसे भरणाऱ्यांना.

एजंटला फोन केला तर "गाडी निघालीय." पुन्हा केला तर कट. तिसऱ्यांदा उचलून मलाच ऐकवतो, "या वयात एवढा लांबचा प्रवास करायचाच कशाला?" हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सावली नाही, बाईमाणसाने जावं अशी जागा नाही. शेवटी चहाच्या टपरीवाल्याने खुर्ची दिली, "कथा जाई राहिनात, बाबा?" म्हणून चौकशी केली आणि एसटी स्टँडपर्यंत रिक्षा करून दिली.

म्हणून सांगतो, "जळगावला जाते का" असं विचारूच नका. गाडी शेवटी कुठे जाते ते विचारा. इंदूर म्हणाले तर समजा, तुम्हाला धुळ्यातच टाकणार. पुढच्या गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल लिहून घेतल्याशिवाय खाली पाय ठेवू नका, भले मागचे प्रवासी कुरकुरोत.

आमच्या वयाला एसटीच बरी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट; बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवा. स्टँडवरचं स्वच्छतागृह कसंही असो, असतं तरी. रेल्वेने आमची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा मात्र आहे. त्यासाठी तिकीट एकट्याचं किंवा दोघा ज्येष्ठांचंच काढा. मुलगा हौसेने स्वतःचं नाव त्याच तिकिटात घालतो आणि कोटा जातो.

लघवीच्या भीतीने पाणी तोडू नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. बीपीसाठी पाण्याची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यायची, डॉक्टरांना आधी विचारा. गोळ्या हातातल्या पिशवीत, डिकीत कधीच नाही. हलकं खा, सुती कपडे घाला, वगैरे सगळ्यांना माहीत असतंच.

त्या एजंटकडे पैसे मागितले तर म्हणतो, धुळ्यापर्यंत तर आलात ना! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता त्याचा रोज फोन येतो, "काका, मिटवून टाकू." पूर्ण भाडं आणि हिची माफी, यापेक्षा कमीत मी मिटवणार नाही.