एक कॅरेक्टर, अकरा सुरुवाती

आधी एक कबुली. रोह्याजवळ वरसे इथे आमचं घर आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरवर मी 'स्कायरिम' हा 2011 सालचा रोल-प्लेइंग गेम खेळायला घेतला. चार दिवस रोज बसत होते, पण चार दिवसांत माझा गेम पुढे सरकलाच नाही! कारण मी कॅरेक्टर बनवत होते. दहा वंशांपैकी कुठला घ्यायचा, नाक किती लांब, भुवया किती जाड, नाव काय. एकदा सगळं जमलं, गेम सुरू झाला, उजेडात तोंड बघितलं तर हनुवटी वाकडी वाटली. डिलीट! परत पहिल्यापासून. असं अकरा वेळा. भावाने मात्र दोन मिनिटांत एक ओबडधोबड माणूस बनवला, त्याला आमच्या गल्लीतल्या बोक्याचं नाव दिलं आणि सुट्टी संपेपर्यंत अर्धा गेम खेळून टाकला. वर मला म्हणतो, "ताई, ते हेल्मेट घातल्यावर तोंड दिसतच नाही."

तेव्हा हसले. हॉस्टेलला परत आल्यावर मात्र हसू आलं नाही. त्याच सेमिस्टरला आमचा मिनी-प्रोजेक्ट होता. रिपोर्ट माझ्याकडे होता, सर्किटचं टेस्टिंग आम्ही दोघींनी मिळून करायचं होतं. मी टायटल पेजचा फॉन्ट, मार्जिन, बॉर्डर यात तीन रात्री घालवल्या. टेस्टिंगला वेळ उरला नाही. व्हायव्हाला सर्किट चाललं नाही आणि मार्क दोघींचे गेले. माझी पार्टनर काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हणून या सवयीचा जरा नीट अभ्यास करायचं ठरवलं. तोच इथे मांडते आहे.

पहिला प्रश्न : हे गेममध्येच एवढं का होतं? याचं मूळ 1974 साली अमेरिकेत आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या खेळात आहे. त्यात ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची हातोटी असे सहा गुण असतात. मूळ नियमाप्रमाणे प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे, म्हणजे जास्तीत जास्त 18. नशिबाने जे येईल ते घेऊन खेळायचं. पुढे हाच खेळ कॉम्प्युटरवर आला. 1998 च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये तर फासे परत टाकायचं बटणच दिलं होतं. झालं! लोक गेम बाजूला ठेवून तासन्‌तास ते बटण दाबत बसले.

आता आपण इंजिनिअर, तेव्हा थोडं गणित करू. तीन फाशांवर 18 येण्याची शक्यता 216 मध्ये 1. सहाही गुणांना एकाच वेळी 18 येण्याची शक्यता 216 चा सहावा घात, म्हणजे सुमारे शंभर लाख कोटींत 1. दर सेकंदाला एकदा फासे टाकले तरी सरासरी 32 लाख वर्षं लागतील. एवढ्यात बॅकलॉग सुद्धा क्लिअर होतील!

"परफेक्ट नको, फक्त आधीपेक्षा बरं हवं" असं कोणी म्हणेल. त्याचंही गणित आहे. समजा तुम्ही शंभर वेळा फासे टाकले. त्यातली सगळ्यात मोठी बेरीज शंभरपैकी कुठल्याही फेरीत आलेली असू शकते, म्हणून ती नेमकी शेवटच्या फेरीत यायची शक्यता 100 मध्ये 1. म्हणजेच पन्नासाव्या दाबाला नवा विक्रम होण्याची शक्यता 50 मध्ये 1, हजाराव्याला 1000 मध्ये 1. (दोनदा सारखीच बेरीज आली तर शक्यता आणखी कमी.) या सगळ्यांची बेरीज केली तर पहिल्या 10 दाबांत विक्रम सरासरी 3 वेळा होतो, 100 दाबांत 5 वेळा आणि 1000 दाबांत साडेसात वेळा. मेहनत दहापट, फायदा फक्त दोन-अडीच पायऱ्यांचा. मला वाटतं प्रत्येक ड्रॉइंग शीट खोडताना हे आठवावं.

दुसरं कारण, भीती. निर्णय मागे घेता येत नसला की माणूस तो घ्यायलाच घाबरतो. 2000 साली आलेल्या 'डायब्लो 2'मध्ये एकदा दिलेले पॉइंट परत घेता येत नव्हते. ती सोय थेट 2010 च्या पॅचमध्ये आली. तोपर्यंत चुकलं की नवीन कॅरेक्टर हाच उपाय. उलट 2023 च्या 'बाल्डर्स गेट 3'मध्ये शंभर सोन्याची नाणी मोजली की सगळे गुण नव्याने वाटता येतात. आणि गंमत बघा, तरीही लोक सुरुवातीच्या स्क्रीनवर अडकतातच. म्हणजे दोष सगळा गेमचा नाही. गेम कसा आहे हे माहीत नसतानाच आपल्याला त्यातला सर्वोत्तम माणूस बनवायचा असतो. खेळल्याशिवाय ते कळणार कसं?

हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने 1950 च्या दशकातच सांगितलं होतं, की माणसाजवळ वेळ आणि माहिती दोन्ही मोजकी असते, त्यामुळे तो सर्वोत्तम शोधत नाही, "पुरेसं चांगलं" मिळालं की थांबतो, आणि ते शहाणपणाचंच असतं. त्यांना 1978 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण आपल्याला हे परक्याने सांगायला कशाला हवं? आपल्या मशीन ड्रॉइंगमध्ये आहेच की. शाफ्टचा व्यास नुसता 25 मिमी लिहिला तर सर शीट परत करतात. अधिक-उणे किती चालेल, तो टॉलरन्स लिहावाच लागतो. बरोब्बर 25 चा शाफ्ट जगात कोणी बनवू शकत नाही. आणि टॉलरन्स जितका बारीक, तितका खर्च जास्त : जे काम लेथवर भागलं असतं त्याला ग्राइंडिंग लागतं, त्याहून बारीक तर लॅपिंग. जिथे बेअरिंग बसायचं तिथे बारीक टॉलरन्स द्यायचा, बाकी ठिकाणी सैल. सगळीकडेच बारीक मागणारा डिझायनर हुशार नसतो, महाग असतो.

शाळेत असताना आम्हाला पेणला गणपतीचा कारखाना बघायला नेलं होतं. पेण, हमरापूर, जोहे या भागात हजारो मूर्ती बनतात. एक काका डोळ्यांची आखणी करत होते. मूर्तीतलं सगळ्यात नाजूक काम ते. श्वास रोखून दोन रेषा, एकदा लांबून बघणं, की मूर्ती बाजूला आणि पुढची समोर. पाठीच्या रंगाला मात्र एवढा वेळ नाही. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आता कळतं, कुठे जीव ओतायचा आणि कुठे थांबायचं हे त्या हाताला माहीत होतं. कारण गणेश चतुर्थी कोणासाठी पुढे ढकलली जात नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. आपण सहज म्हणतो, "मला ओसीडी आहे." हनुवटी अकरा वेळा बदलणं ही खोड झाली. ओसीडी हा आजार आहे. त्यात नको असलेले विचार परत परत येतात, भीती वाटते, आणि ती घालवायला धुणं, तपासणं, मोजणं अशी कृती करावीच लागते. त्यात मजा अजिबात नसते. रोज तासाहून जास्त वेळ यात जात असेल, झोप, अभ्यास, जेवण बिघडत असेल, तर थट्टा न करता डॉक्टरांकडे जायला हवं. थेरपी आणि औषधं दोन्हीने फरक पडतो. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास असते. रूम-पार्टनर असा दिसला तर चिडवू नका, सोबत जा.

बाकी माझ्यासारख्या खोडकरांसाठी तीन नियम. एक, घड्याळ लावा : कॅरेक्टरला वीस मिनिटं, टायटल पेजला दहा. दोन, सुरू करण्याआधीच टॉलरन्स ठरवा, म्हणजे काय चुकलेलं चालेल ते कागदावर लिहा. तीन, डिलीट करायच्या आधी निदान दोन तास खेळून बघा. अडचण खरी असेल तर तोपर्यंत कळतेच, नाहीतर तुम्ही ती विसरलेले असता.

या सेमिस्टरला त्याच पार्टनरने मला परत ग्रुपमध्ये घेतलं आहे. तिच्या अटीप्रमाणे सर्किट आधी चाललं, रिपोर्ट नंतर झाला. टायटल पेजची बॉर्डर किंचित तिरकी आहे. मला दिसते. तिला दाखवली नाही.

आणि बाराव्या वेळी बनवलेली माझी स्कायरिममधली बाई अजून जिवंत आहे. नाक जरा मोठं आहे, पण हेल्मेट घातल्यावर दिसत नाही.