विटांचे गलबत: सुट्टीतील बालवर्गासाठी एक पाठ



उन्हाळी सुट्टीत मुले एकत्र आली की पहिले दोन दिवस गाणी-गोष्टींत जातात. तिसऱ्या दिवशी हाताला काम हवे असते. या वर्षी एका कुटुंबाने आपल्या मोठ्या झालेल्या मुलांच्या प्लास्टिकच्या विटांचा डबा आमच्याकडे दिला. त्यात सूचनांची पुस्तिका नव्हती. डोळ्यावर पट्टी बांधलेला एक चाचा मात्र होता. त्याला पाहून मुलांनी ठरवले की जहाज करायचे, तेही चाच्यांचे. ज्यांच्या घरी किंवा संडे स्कूलच्या कपाटात असा डबा पडून आहे, त्यांच्यासाठी हा पाठ लिहीत आहे.

आधी विटेविषयी थोडे. डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाचा सुतार होता. मंदीच्या काळात, १९३२ साली, तो लाकडी खेळणी करू लागला. १९३४ साली त्याने आपल्या मालाला लेगो हे नाव दिले. ‘चांगले खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून ते घेतले आहे. प्लास्टिकच्या विटा १९४९ साली आल्या, पण त्या आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसत, मात्र धक्का लागला की सुटत. त्याचा मुलगा गॉटफ्रेड याने १९५८ साली विटेच्या पोटात नळ्या बसवण्याच्या रचनेचे पेटंट मागितले. खालच्या विटेची बटणे वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये घट्ट अडकतात. सारी पकड या एवढ्याशा गोष्टीत आहे. वर्गात एक वीट उलटी करून मुलांना त्या नळ्या दाखवाव्यात. आमच्याकडे ती वीट हातोहात सगळ्या वर्गात फिरली.

मापे सोपी आहेत. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर. चपटी पट्टी ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक वीट. मुलांना हे सांगू नये. त्यांना तीन पट्ट्या रचून शेजारी वीट ठेवायला सांगावे.

आता जहाज. तळासाठी ४ बाय ६ च्या दोन पट्ट्या लांबीत टोकाला टोक लावून ठेवा. त्यांवर नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, आधी ४ बाय ४ ची आणि मग ४ बाय ८ ची पट्टी बसवा. खालचा सांधा सहाव्या बटणानंतर येतो, वरचा चौथ्यानंतर. गवंडी भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तोच हा नियम. आमच्या पहिल्या गटाने खाली-वर सारख्याच पट्ट्या लावल्या आणि उचलताना जहाजाचे दोन तुकडे झाले. मी त्यांना आधी सावध केले नव्हते, हे मुद्दामच. हातात तुटलेले जहाज असताना सांधमोड दोन मिनिटांत कळते.

मग दोन्ही कडांना एक-बटणी विटांची भिंत घाला: नाळेकडून आधी १ बाय ८, मग १ बाय ४. मागे दोन भिंतींमध्ये उरलेल्या जागेत १ बाय २ ची वीट. पुढे मधोमध २ बाय ४ ची वीट अशी ठेवा की तिची निम्मी लांबी तळावर बसेल आणि निम्मी बाहेर डोकावेल. ही नाळ झाली. नाळेकडून पाचव्या-सहाव्या बटणावर, मधोमध, २ बाय २ ची वीट ठेवा. तिच्यावर डोलकाठी उभी राहणार आहे. वर फळीचा मजला: पुढे ४ बाय ४, मागे ४ बाय ६, आणि डोलकाठीपाशी दोन्ही भिंतींवर १ बाय २ च्या लहान पट्ट्या, म्हणजे मध्ये चौकोनी भोक राहील. या भोकातून २ बाय २ च्या सहा गोल विटा एकीवर एक चढवा. डोलकाठी नुसती मजल्यावर उभी केली तर ती मुलांच्या हातात अर्धा तासही टिकत नाही. तिने मजल्यातून खाली उतरून तळाला धरले पाहिजे. खऱ्या जहाजातही ती अशीच खालपर्यंत जाते. पिछाडीला २ बाय ४ च्या दोन विटा आडव्या लावून वर ४ बाय ४ ची पट्टी टाका. ती कप्तानाची खोली. शेवटची गोल वीट चढवण्याआधी २ बाय ६ ची पट्टी आडवी घाला आणि तिला शीड बांधा. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद चालतो.

इथे आमचा पाठ अडला. आमची बरीच मुले नर्मदाकाठची. सरदार सरोवराच्या फुगवट्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यानंतर तिथे बोटीने जाणे-येणे आले, दवाखानासुद्धा बोटीवरून आला. म्हणजे बोट ही त्यांना पुस्तकातून शिकवायची गोष्ट नव्हे. पण त्यांची बोट इंजिनाची. एकाने विचारले, “ताई, इंजिन कुठे बसवायचे?” शीड म्हणजे काय हे मी हाताने, तोंडाने फुंकून, ओढणी धरून समजावले. मग नाळेच्या दिशेने फुगलेले शीड लावले आणि डोलकाठीच्या टोकाला काळा झेंडा त्याच दिशेने, पुढे फडकणारा.

“ताई, झेंडा उलटा लागला,” सहावीतील एक मुलगी म्हणाली. बोट पुढे जाते तेव्हा झेंडा मागे उडतो, हे तिने स्वतः शंभर वेळा पाहिले होते. ती खोटे बोलत नव्हती. इंजिनाची बोट वारा कापत जाते म्हणून झेंडा मागे. शिडाचे जहाज पाठीमागच्या वाऱ्याने ढकलले जाते आणि त्या वाऱ्यापेक्षा हळू चालते, म्हणून झेंडाही शिडाबरोबर पुढेच झुकतो. आम्ही अंगणात पंखा आणून, जहाज बैलगाडीच्या खेळण्यावर ठेवून हे करून पाहिले. तिला पटले. तरी तिने आपल्या जहाजावरचा झेंडा मागेच ठेवला. कारण विचारल्यावर म्हणाली, माझ्या जहाजाला इंजिन आहे, ते आत आहे. मी गप्प बसले.

चाचा या शब्दाविषयीही मुलांशी बोलावे. डोळ्यावर पट्टी, हाताला आकडा, लाकडी पाय असे चाचे लेगोने १९८९ साली आणले. त्याआधी त्यांच्या सगळ्या बाहुल्यांचा चेहरा एकच, दोन ठिपके आणि हसू. खेळ म्हणून हे ठीक आहे. पण समुद्रावर लुटणारा कोण, हे पुष्कळदा लिहिणाऱ्यावर ठरते. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी आपल्या कागदांत चाचा म्हटले. आपल्या मुलांनाही कधी ना कधी कोणीतरी नाव ठेवलेले असते, त्यामुळे ही गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली.

दुपारी जहाजे घमेल्यात सोडली. हा भाग टाळू नका, पण अपेक्षा ठेवू नका. आतल्या हवेमुळे ती क्षणभर तरंगली, मग डोलकाठीच्या वजनाने कलंडली, आणि सांध्यांतून पाणी शिरले. या प्लास्टिकचे वजन पाण्याहून किंचित जास्त असते. हवा गेली की वीट तळाला. एका मुलाने मजला उचकटून आत खडे भरले. त्याचे जहाज उभे राहिले, आणि सर्वांत आधी बुडाले. खडे भरण्याची त्याची कल्पना बरोबर होती. जुनी जहाजे तळाशी दगड घेऊनच चालत. फक्त त्यांच्या फळ्यांच्या फटींत युरोपात जुन्या दोरखंडाचे धागे ठासून वर डांबर ओतलेले असे. आमच्या फटी उघड्या होत्या.

झेंडेवाल्या मुलीने आपले जहाज घमेल्यात सोडलेच नाही. तिच्या मजल्यावर तोफ नव्हती. रंगीत बारक्या विटांचा ढीग होता. ते सामान आहे, एवढेच ती म्हणाली. तिचे घर धरणानंतर दुसऱ्या गावी हलवलेले आहे. ती हलवाहलव तिच्या जन्माआधीची. घरात अजून त्याच गोष्टी निघत असतील.

शेवटच्या दिवशी विटा परत डब्यात जायला हव्या होत्या, कारण पुढच्या आठवड्यात दुसरा गट येणार होता. जहाजे मोडायची की ठेवायची, यावर आम्हा कार्यकर्त्यांतच मतभेद झाला. एक जण म्हणाले, मुलांनी केलेले मोडायला लावणे बरे नाही. मी मोडण्याच्या बाजूने होते, आणि अजूनही आहे. दुसऱ्या गटाला रिकामा डबा देणे मला जमले नसते. तरी त्या मुलीसमोर ते बोलताना माझा आवाज नीट निघाला नाही. तिने आधी सामान उतरवले, मग शीड सोडले, मग गोल विटा एकेक. तळाची २ बाय २ ची वीट निघेना, तेव्हा दातांनी ओढू लागली. तिला थांबवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने उचकटायला दाखवले. (दात लावू देऊ नका. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती हे तुकडे मुळीच देऊ नका.)

विटा धुताना पाणी कोमट असावे, ४० अंशांच्या आत, साबण सौम्य. कडक उन्हात वाळवू नयेत, सावलीत फडक्यावर पसराव्यात. डब्यात २ बाय २ च्या गोल विटा आता अकराच उरल्या आहेत, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या जहाजाची डोलकाठी एका विटेने आखूड राहील. कोणाच्या घरी पलंगाखाली एखादी सापडली तर पाठवावी. रंग कोणताही चालेल.