नवं इंजिन आणि गोठलेलं तळं

नव्या स्नोमोबिलच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या काही तासांचे नियम दिलेले असतात. ते वाचले की मराठी माणसाला आठवतं ते ‘रनिंग-इन’. नव्या स्कूटरचा काटा चाळीसच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हे ज्याने लहानपणापासून ऐकलंय, तो मिनेसोटात किंवा ओंटारिओत स्थायिक झाला तरी नवं इंजिन म्हणजे हळू चालवायचं इंजिन असंच धरून चालतो. बर्फावरच्या गाडीला हा हिशेब पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. तिथे नव्या इंजिनाला मारते ती उष्णता: नको तेव्हा एकदम आलेली, किंवा बाहेर पडायला वाट न मिळालेली. हळू चालवूनही ही चूक सहज करता येते.

आधी थंडीचं बघू. उणे वीस अंशांत रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सुरू केली की पिस्टन काही सेकंदांत तापतो, कारण ज्वाला त्याच्या माथ्यावरच पेटते. सिलिंडरभोवतीचं कूलंट मात्र अजून गारठलेलंच असतं. पिस्टन फुगतो, सिलिंडर फुगत नाही. नव्या इंजिनात त्या दोघांमधली फट आधीच काटेकोर असते. अशा वेळी अंगठ्याने थ्रॉटल पूर्ण दाबला, तर पिस्टन भिंतीला घासतो आणि इंजिन सीझ होतं. मेकॅनिक ते उघडतो तेव्हा पिस्टनवर चार जागी उभे ओरखडे दिसतात, आणि त्यावरून तो न विचारताच ओळखतो की गाडी गरम होऊ दिली नव्हती. यावर उपाय म्हणून काहीजण गाडी अर्धा अर्धा तास आयडलिंगवर ठेवतात, तेही चुकीचंच. दोन-स्ट्रोक इंजिनाचा प्लग त्याने काळा होतो आणि पिस्टनवरच्या नव्या रिंगांना सिलिंडरमध्ये बसायला लागणारा दाबही मिळत नाही. काही मिनिटं जागेवर, मग टनेलखालचे, म्हणजे ट्रॅकवरच्या आवरणाखालचे, कूलर हाताला कोमट लागेपर्यंत सावकाश चाल, एवढं पुरे. प्रत्येक थंड सुरुवातीला हे करायचं. जेवायला तासभर थांबलात, तर त्यानंतरही.

दुसरी बाजू, उष्णतेला बाहेर पडायला वाट न मिळण्याची, लोकांच्या ध्यानात कमी येते. 1959 साली क्वेबेकमधल्या व्हॅल्कूरला जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांची स्की-डू बाजारात आली तेव्हा तिचं इंजिन हवेने थंड व्हायचं. आजच्या बहुतेक ताकदवान गाड्यांत कूलंट टनेलखालच्या कूलरमधून फिरतं, आणि त्या कूलरवर ट्रॅक बर्फाचा जो भुगा उडवतो तोच त्यांना गार करतो. म्हणजे गाडीचा रेडिएटर चालतो तो सैल बर्फावर. गोठलेल्या तळ्याच्या कडक, काचेसारख्या पृष्ठभागावर भुगाच उडत नाही. नेमकं तेच तळं नव्या मालकाला सर्वांत सोयीचं वाटतं: सपाट, मोकळं, वळणं नाहीत, झाडं नाहीत. तिथे एकाच वेगाने दहा किलोमीटर सरळ जाणं हे मला नव्या इंजिनाचे सर्वांत जास्त हाल करणारं काम वाटतं, मग तो वेग मध्यम का असेना. भार बदलत नाही, रिंगा एकाच लयीत घासत राहतात आणि कूलंटचा काटा मुकाट्याने चढत जातो. त्यापेक्षा ताजा बर्फ पडलेली, वळणावळणांची वाट बरी. तिथे थ्रॉटल सतत कमीजास्त होतो, आणि मधूनमधून दोन-तीन सेकंद जोरात दाबून सोडला तरी बिघडत नाही. उलट फायदाच होतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. नवं इंजिन पहिल्यापासून जोरात हाणावं, असं मानणारा एक पंथ आहे. त्यांचं म्हणणं असं की ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीशी दाबतो, आणि सिलिंडरच्या भिंतीवरच्या होनिंगच्या बारीक रेषा गुळगुळीत होण्याआधीच हे घडायला हवं. यातलं भौतिकशास्त्र बरोबर आहे. पण ते सांगतं की दाब हवा. तो सलग हवा, असं त्यातून निघत नाही. क्षणभराच्या जोराने रिंग बसते, सलग जोराने पिस्टन तापतो. दुसरा आक्षेप आधुनिकतेचा: सिलिंडरला निकासिलचा कठीण मुलामा, संगणकावर कातलेले भाग, मग रनिंग-इन कशाला? तसं असतं तर ‘काही करू नका’ असं छापणं कंपन्यांच्याच सोयीचं होतं. तरीही स्की-डूचं मॅन्युअल 10 तास किंवा 500 किलोमीटर सांगतं, आणि काही नव्या दोन-स्ट्रोक इंजिनांत या काळात जास्त तेल सोडायची सोय संगणकातच केलेली असते. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच अशी खबरदारी घेतली असेल, तर ती जुन्या काळची अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकता येत नाही.

तेलाबाबत मात्र हौसेला आवर घालावा. पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये तेल मिसळायला मॅन्युअल सांगत असेल, तर सांगितलं तेवढंच घालावं. कार्बोरेटरच्या गाडीत जेटमधून ठरावीक द्रवच जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आणखी तापतं. चार-स्ट्रोक गाडीचं पहिलं तेल वेळेवर बदलायचं, कारण झिजलेल्या धातूचा कीस त्यातच साठतो. दोन-स्ट्रोकमध्ये अशी खूण मागे राहत नाही, तेल जळून धुरासोबत निघून जातं, म्हणून प्लग काढून त्याचा रंग बघायची सवय लावलेली बरी. नव्या बेल्टलाही सुरुवातीला पूर्ण थ्रॉटल मानवत नाही, आणि ट्रॅक पहिल्या काही फेऱ्यांत सैल पडतो, तेव्हा त्याचा ताण तपासून घ्यावा.